घर पाहायला आलेला माणूस

जानेफळ, ता. मेहकर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. निशिगंधा,

आईचा आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तूर फुलावर आहे, बाबांचा खोकला गेला, राजकुमारची डिंपल चार दिवस मामाकडे गेली आहे. फोन करू नका म्हणालीस, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसातल्या करिष्माच्या हाती देते आहे. तिची सुट्टी संपली, उद्या ती तुमच्याकडे निघते.

टीव्हीवर रोज तुमचंच चालू असतं. त्या देशाने अणुबॉम्ब मोडले म्हणे, आणि खरंच मोडले का ते तुम्ही तपासता. एक गोदाम तेवढं उघडत नाहीत, म्हणून बोलणी अडली. तुमच्या पथकाच्या सहीवाचून करार होत नाही, आणि सही करायची तू. शेजारच्या जनकाबाईंना त्याचं काही नाही. त्या मला विचारतात, "पोरीचं लगन कवा?"

लग्नावरून आठवलं. हसू नको. तुळशीचं लग्न आटोपलं आणि गुरुवारी संध्याकाळी एक गृहस्थ आले. इस्त्रीचे कपडे, हातात सफरचंदांची पेटी. नागपूरच्या एका इंजिनीअर मुलासाठी स्थळ पाहायला आलो म्हणाले. चौतीस वर्षांच्या मुलीला घरबसल्या चालून आलेलं स्थळ! मी हुरळलेच. सोयरिकीसाठी घर पाहायला आलेल्या माणसापासून आपल्याकडे कोणी काही झाकत नाही, तसं मी सगळं दाखवलं. माजघर, गोठा, विहीर, मागचं दार, तुझे फोटो. हिवरा आश्रमला शाळेत कोणत्या बसने जाते, ते डिंपलनेच सांगितलं. बाबांनी विचारलं, "पोराचं मूळ गाव कोनतं जी?" तर ते नुसते हसले. तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष पोह्यांत.

निघताना चप्पल घालता घालता ते हळू आवाजात म्हणाले, "घर आम्ही नीट पाह्यलं, मावशी. नात रोज बसनं जाते, तेही समजलं. निशिगंधाले सांगा, गोदामाचा हट्ट सोड अन् सही करून टाक."

आणि मी त्यांना "या" म्हणाले! सवयीने तोंडातून निघून गेलं. त्याची मला अजून लाज वाटते.

निशी, मी फार भ्याले आहे. डिंपल मामाकडे आहे ती म्हणूनच. पोलिसांत कळवलं, दारात एक शिपाई बसतो, तरी कुत्रं भुंकलं की मी उठून मागच्या दाराची कडी पाहून येते. राजकुमार तर तुझ्यावरच चिडला. "तिच्या नोकरीपायी माह्या पोरीचा जीव काऊन टांगनीले?" म्हणाला. त्याच्यावर रागावू नको, बाप आहे तो.

आज सकाळी मी तुला लिहिलं होतं, सही कर आणि घरी ये. पण पोर पूनमची, सुनेला न विचारता कसं पाठवू? म्हणून तिला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "एका गोदामापायी आपल्या घरापर्यंत मानूस धाडते, तं त्यात काय असन हो आई? ते उद्या कुठी फुटलं तं तिथल्या पोरी पोरी नाहीत का? ताईले म्हना, उघडून पाहा. डिंपलची काळजी माह्याकडे."

मग मी ते पत्र चुलीत घातलं.

खोटं कशाला बोलू, माझं मन अजून तेच म्हणतं. सही करावी, विमानात बसावं, माझ्यासमोर येऊन जेवावं. पण ही भीती बोलते आहे, तिचं ऐकू नकोस. झालेली सगळी हकिगत तुझ्या साहेबांना सांग. आणि ते दार उघडून, आत जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदाला पेन लावू नकोस.

हे वाचून लगेच आमची खुशाली विचारू नको. आधी गोदाम पाहा, मग आम्हाला विचार.

तुझी, भ्यालेली
आई