आईची पित्तनळी तीन मिलिमीटरनं रुंदावली त्याबद्दल

देवणी

तीर्थरूप नागप्पामामांना उज्वलाचा वाकून नमस्कार. नांदेडला सगळे खुशाल असाल, मामींचे गुडघे आता कुरकुरत नसतील, असं धरून चालते. इकडे आई ठणठणीत आहे आणि तीच अडचण झाली आहे. (फोनच केला असता, पण आई स्पीकर लावून शेजारी बसते.)

मागच्या वर्षी लातूरला आईची पित्ताची पिशवी काढली, तेव्हा तुम्ही होतातच. परवा पुन्हा दाखवायला गेलो, तेव्हा सोनोग्राफी झाली. मी पदवीधर झाल्यापासून घरातला प्रत्येक कागद मीच वाचायचा असा नियम आहे. (पदवी भूगोलाची आहे, हे कुणी लक्षात घेत नाही. खताच्या पोत्यावरचंही मीच वाचते.) पित्तनळी गेल्या वेळी पाच मिलिमीटर होती, आता आठ. सत्य लपवू नये म्हणून मी व्हरांड्यातच मोठ्यानं सांगितलं, "आई, तुझी नळी तीन मिलिमीटरनं फुगली." अण्णा म्हणाले, "तीन? एवढ्या पावसानं धूळ बी दबत न्हाई." पण आई मटकन खाली बसली.

मग डॉक्टरांनी समजावलं, की पिशवी काढल्यावर बऱ्याच जणांची नळी थोडी रुंदावते; दुखत नाही, कावीळ नाही, रक्ताचे रिपोर्ट चांगले, तर काळजी नको. मला पटलं. आई म्हणाली, "डाक्टर धीरच देणार. पोरगी शिकलेली हाय, कागद बघून बोलली." आता माझंच बोलणं मी खोडायला जाते, तर म्हणते, "बघा, पोरगी माझ्यापासून लपवायलीय!" गावभर झालं. भेटायला येणाऱ्यांनी बिस्किटांचे सोळा पुडे आणले. आणि डोळे मिटायच्या आत लेकीचं बघावं म्हणून रविवारी निलंग्याची माणसं मला पाहायला येणार आहेत. बी.एड.च्या प्रवेशाची शेवटची तारीख सोमवार आहे. आई बरी आहे म्हणावं तर मी निष्ठुर, आजारी आहे म्हणावं तर माझं शिक्षण बंद. मला काहीच कळेनासं झालंय.

तुमची भाची,
उज्वला

ता. क. : तुमचीही पिशवी काढलेली आहे. तुमची नळी किती? आठाच्या वर असेल, तर रिपोर्ट घेऊन शनिवारीच या आणि आईसमोर दोन प्लेट भजी खाऊन दाखवा.

ता. क. २ : पाकीट चिकटवताना आईनं पकडलं आणि सगळं वाचायला लावलं. शांतपणे ऐकून म्हणाली, "डाक्टरचं मला तवाच पटलं होतं. पण असं निमित्त परत घावत न्हाई." मामा, रिपोर्ट राहू द्या. तुम्ही मात्र या. माझ्या बाजूनं बोलणारं एक माणूस पाहिजे. शिकलेलं नसलं तरी चालेल.