एक सिलिंडर, मग बादली

५ मार्च, सोमवार
आज साळवेसरांनी बादल्या आणल्या. निळ्या, प्लास्टिकच्या, धुणं भिजवायच्या असतात तशा. आणि कुणासाठी, तर फायर टीमसाठी! सर नवे आहेत. खडकीला आर्मीच्या फायरमध्ये होते, रिटायर झाल्यावर ठेकेदारानं आमच्या डोक्यावर आणून बसवले. म्हणाले, नियम एकच. पाठीवरचा हवेचा सिलिंडर संपला की बाहेर यायचं. कोट काढायचा, पाणी प्यायचं, हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून बसायचं. मी नाडी बघणार. मी जा म्हटल्याशिवाय दुसरा सिलिंडर कुणी पाठीवर घ्यायचा नाही.
किसनदादा म्हणाला, "सर, साबण पण देणार का?"
सगळे फिदीफिदी. सर हसले नाहीत. "हस बाळा. आगीत जळून मेलेले मी कमी बघितले. बाहेर येऊन छातीला हात लावून बसलेले जास्त."
त्यावर पण कुणीतरी हसलंच.
आमच्यात एक पद्धत आहे. आगीवर जो पहिलं हेल्मेट काढील त्याच्या डोक्याला टॉवेल बांधायचा. नवरदेव. मग दिवसभर त्याला नवरदेव म्हणायचं, जेवताना उखाणा घ्यायला लावायचा. किसनदादानंच काढलेली पद्धत. त्याला स्वतःला एकदा पण टॉवेल लागला नाही. तो आमचा लीडिंग फायरमन, टीमचा म्होरक्या, आत शिरताना पुढं तो, मागं मी. चंदननगरच्या खोलीवर पण त्याची गादी भिंतीकडं, माझी दाराकडं.

९ मार्च
घरी फोन. आई म्हणे, काय काम करतं रे तू तिथं? म्हटलं, बादलीत हात घालून बसतो. आई म्हणे, मंग तेवढ्यासाठी वर्धा सोडून पुण्याले काहून गेला?
बरोबर आहे.
इथं आयटी पार्कात काचेच्या बिल्डिंगा, आत एसी, आम्ही बाहेर शेडमध्ये गमबूट घालून. गळ्यात पट्टेवाली पोरं-पोरी आमच्या समोरून जातात, पण बघत नाहीत. नववी नापासाकडं कोण बघणार. कधीकधी वाटतं की सगळं टाकून जावं कुठंतरी. कुठं, ते माहीत नाही.

२१ मार्च
पार्कच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गवत पेटलं. वारा आमच्याकडं. दुपारचं ऊन, अंगावर कोट, वरून धूर. सिलिंडर संपला तेव्हा डोळ्यापुढं काजवे. सरांनी दंडाला धरून बसवलं, हात बादलीत.
खरं लिहितो. असं वाटलं की कोणीतरी आतून पंखा लावला. डोकं जाग्यावर आलं. एवढ्याशा पाण्यानं!
किसनदादा बसला नाही. मी म्हटलं, दादा बस की. म्हणाला, "मी बाळंतीण हाय का रं? तू बस. तुझ्यात दम नाही." आणि गेला. पण जाताना एका हातानं गाडीचा आरसा धरून उभा राहिला, ते मी बघितलं. महिनाभर झाला, खोलीचा जिना चढताना पण तो मधेच थांबतो. चप्पल नीट करतो. चपलेला काही झालेलं नसतं.
संध्याकाळी टॉवेल मला. उखाणा घेतला. भाजीत भाजी मेथीची, पुढचं सुचलं नाही, शिव्या घातल्या.

२३ मार्च
कोणीतरी चौथ्या मजल्यावरून मोबाईलवर फोटो काढला. मागं धूर, पुढं आम्ही तिघं बादलीत हात घालून. फोटो सगळ्या ऑफिसात फिरला. खाली काय लिहिलं होतं ते सिक्युरिटीच्या पोरानं वाचून दाखवलं. आमचे फायर फायटर्स कपडे धुताना.
देवधरसाहेबांनी सरांना आणि आम्हाला बोलावलं. सगळ्या बिल्डिंगची देखरेख यांच्याकडं. आवाज कधी चढत नाही.
"साळवे, आपण आग विझवायला माणसं ठेवली आहेत, की सहलीला?"
सर म्हणाले, "साहेब, शरीर तापतं आतून. उतरवलं नाही तर…"
"उतरवा ना. पण क्लायंटच्या खिडकीसमोर नको. जनरेटरच्या मागे भरपूर जागा आहे."
जनरेटरच्या मागं! तिथं उभं राहिलं तरी भाजतं. मला वाटलं सर काहीतरी बोलतील. सर म्हणाले, "ठीक आहे साहेब."

१० एप्रिल
ड्रिल. बादल्या जनरेटरच्या मागं, बिल्डिंगला अख्खी फेरी मारून जावं लागतं. गेलं कुणीच नाही. सरांनी नाड्या बघितल्या, उभ्या उभ्या.
मी विचारलं, सर, नियम तुमचाच होता ना?
म्हणाले, "ऐक बाळा. कॉन्ट्रॅक्ट त्यांचं, ऊन आपलं. जेवढं जमतं तेवढं करतो."
राग आला. जो माणूस पहिल्या दिवशी छातीला हात लावून मेलेल्यांचं सांगतो, त्यानं असं बोलू नये. नाहीतर आधी सांगूच नये.
किसनदादाला खोलीवर म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणाला, "दाखवलं की लिहितेत. लिहिलं की ठेकेदार घरी पाठवतो. जूनमधी संगीताला आन् पोराला इकडं आणायचंय. शाळा बघून ठेवलीय. तू कुणाजवळ बोलशील तर याद राख."
नाही बोललो.

३ मे
काल लिहिता आलं नाही.
दुसऱ्या मजल्यावर यूपीएसच्या खोलीत बॅटऱ्या पेटल्या. लिफ्ट बंद. जिन्यानं, पाठीवर सिलिंडर, हातात नळ्या. धूर असा की स्वतःचा हात दिसेना. दादा पुढं, मी त्याच्या पट्ट्याला धरून. हवा संपायची शिट्टी वाजली तरी तो वळेना, मी ओढला तेव्हा आला.
बाहेर लॉनवर सगळं ऑफिस उभं. हातात मोबाईल. दादानं मास्क काढला. चेहरा भट्टीतल्या विटेसारखा, आणि घाम नाही. मला वाटलं बरंय, घाम नाही. घाम बंद झाला की वाईट, हे सरांनी सांगितलेलं, पण तेव्हा डोक्यात आलं नाही. तो फुटपाथच्या कडेला बसला. स्वतःहून! दुसऱ्यांना टॉवेल बांधणारा दादा. कोणी हसलं नाही.
सर धावत आले. गुडघ्यावर बसून त्याचं मनगट धरलं.
तेवढ्यात देवधरसाहेब. "का हो, उठताय, की चहा सांगू?"
एवढंच म्हणाले. पाचपन्नास लोकांसमोर.
सरांनी मनगट सोडलं.
दादा उठला. मी म्हटलं, थांब, मी जातो. "तू माझ्या मागं ये," म्हणाला. नवा सिलिंडर त्यानं स्वतः पाठीवर घेतला. पहिल्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकला, मला वाटलं माझी वाट बघतोय. मग खाली घसरत गेला. हेल्मेट पायऱ्यांवरून गडगडत

नंतरचं लिहीत नाही. उचलून आणला. आयसीयूत आहे. आग विझली. आग बारकीच होती.

४ मे
डॉक्टर म्हणाले, शरीर आतून तापलं आणि त्यात हृदयावर ताण आला. जगेल. पण जड काम संपलं आता. जिने नाहीत, वजन नाही. कायमचं.
संगीतावहिनी बीडहून आल्या. पोराला आजीकडं ठेवून. मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, बसले होते म्हणतेत. मग परत कोण पाठवलं ह्यांना?"
म्हटलं, सांगतो. आणि पाणी आणायला म्हणून खाली गेलो.

७ मे
ठेकेदाराचा माणूस आला होता. कोपऱ्यातल्या टपरीवर चहा पाजला. सरळ बोलला. किसनला कुणी पाठवलं असेल, तर किसनला कामावर ठेवावं लागेल, दवाखान्याचा खर्च पण आमच्याकडं. तो आपल्या मनानं गेला असेल, तर त्याची चूक, त्यानं घरी जावं. "तू मागं होतास. तूच सांगणार. नीट आठव. आणि हो, लीडिंगची जागा आता मोकळी आहे."
चहा अर्धा टाकून उठलो. टाकायला नको होता, दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

९ मे
दादा बोलायला लागला. आवाज म्हाताऱ्यासारखा. वहिनी डबा आणायला गेल्या होत्या. म्हटलं, दादा, परवा चौकशी आहे. देवधर बोलला ते मी सांगणार.
छताकडं बघत म्हणाला, "कोण काय बोललं? मीच गेलो."
"दादा, तुला चहा विचारला त्यानं. सगळ्यांसमोर."
"मी त्याच्या चहाला भिऊन उठलो, असं सांगणार व्हय लोकांला? मला दम लागला म्हणून खाली बसलो, असं सांगणार? विन्या, मी बसलोच नव्हतो. बुटात खडा गेला होता, काढत होतो. ध्यानात ठेव."
आयसीयूतून बाहेर येऊन दोन दिवस झाले नाहीत, नाकात नळी, आणि खडा.
म्हटलं, असं सांगितलं तर तुला घरी पाठवतील. वहिनींचं काय, पोराच्या शाळेचं काय?
तोंड भिंतीकडं केलं.

११ मे
चौकशी. एसी खोली. ठेकेदार, देवधर, कंपनीचे एक साहेब, साळवेसर.
मी सांगितलं. बसला होता हे सांगितलं, चहाचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं.
देवधर म्हणाले, "मी चहा विचारला. माणुसकीनं विचारला. पुण्यात चहा विचारला की बोलणी बसतात, न विचारला तरी बसतात."
कंपनीचे साहेब हसले. पार्कात आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.
मग त्यांनीच सरांना विचारलं, नाडी कशी होती?
सर टेबलाकडं बघत म्हणाले, "जोरात होती. पण आगीवर सगळ्यांचीच असते."
"थांबवण्यासारखी?"
"…सांगता येत नाही."
सांगता येत नाही! मग बादल्या कशाला आणल्या होत्या, साळवेसर? ड्रिलला ओरडून ओरडून काय सांगत होता? हे तिथं बोललो नाही. इथं लिहितोय. मोठा शहाणा मी.

१६ जून
निकाल लागला, म्हणजे मधलाच. कुणी पाठवलं नाही, पण अडवलं पण नाही. दवाखाना ठेकेदारानं अर्धा दिला. किसनदादाला गेटवर बसवलं, गाड्यांचे नंबर लिहायला. साळवेसरांना पुढं ठेवलं नाही. जाताना मला भेटायला शेडमध्ये आले होते, मी गाडीखाली शिरून राहिलो.
लीडिंग मी. दुसरं कुणी नव्हतं म्हणून.
वहिनी आणि पोरगं आले, त्यांनी शेजारच्या गल्लीत खोली घेतली. मी जुन्या खोलीत एकटा. दादा माझ्याशी बोलत नाही. मी गेटमधून जाताना तो मान खाली घालून नंबर लिहितो, गाडी नसली तरी. मी चौकशीत सगळ्यांसमोर त्याला खाली बसवला, असं त्याचं म्हणणं. वहिनींकडून कळलं.
पोरं त्याला नवरदेव पण म्हणत नाहीत. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२ जुलै
दहा-बारा दिवस पाऊस नाही, दमट उकाडा. मी पोरांना सांगितलं, सिलिंडर संपला की खाली बसायचं, गेटसमोर, लॉनवर, कुठंही. कुणाला फोटो काढायचा तो काढू दे. एक जण म्हणाला, "लीडिंग, देवधर आला तर?" म्हटलं, आला तर त्याला पण बसव.
बोलायला सोपं आहे. अजून कॉल आलेला नाही.

१९ जुलै
आज कॉल. कँटीनच्या किचनमध्ये चिमणीत साचलेल्या तेलाला आग. घंटा झाली, बूट घातले, गाडीकडं धावलो तर पुढच्या सीटवर किसनदादा. गेट सोडून आलेला. अंगावर कुणाचा तरी कोट, बटणं लागेनात.
म्हटलं, दादा, उतर.
"मागं बस. चल."
"दादा, डॉक्टर काय म्हणाले?"
"डॉक्टर आग विझवतो का? चल म्हणतो ना!"
ड्रायव्हर माझ्याकडं बघतोय. पोरं मागून ओरडतायत. लीडिंग मी.
हाताला धरून खाली ओढला. सगळ्यांसमोर. वजन राहिलेलंच नाही त्याला, एका हातात आला. कोट काढून घेतला. तो बघत होता, आणि आम्ही निघालो.
आग विझली. पोरं बसली, पाणी प्यायली, मी प्रत्येकाचं मनगट धरलं, मला नाडी नीट कळत नाही तरी धरलं. देवधर लांबून बघत होता, आला नाही.
सुटल्यावर दादाच्या खोलीवर गेलो. दार वाजवलं. वहिनी आतून म्हणाल्या, "झोपलेत ते."
आत टीव्ही चालू होता. मग कुणीतरी आवाज कमी केला. वहिनींचा आवाज दारापाशी होता, टीव्ही लांब.
बराच वेळ थांबलो. उद्या परत जाईन.