गाळलेले सात सामने

अबुधाबी,
२० एप्रिल २०२५

प्रिय देवांश,

मी बरी आहे. आईने पाठवलेले लाडू लॅबमध्येच संपले. अर्धे माझ्या सहकारी शहनाझने खाल्ले. मराठीत लिहिते आहे, कारण मराठी तुला सावकाश वाचावी लागते.

शुक्रवारी तू अमेरिकेतल्या कॉलेजला होकार देणार. बाबा फोनवर म्हणाले, "फुल स्कॉलरशिप, खलास! आता कसला विचार?" तू मागून ओरडलास, "ताई, नो एक्सेल शीट, प्लीज!"

शीट मी आधीच पाठवली होती. तुला नाही, त्या कॉलेजच्या फुटबॉल कोचना.

जर्सीखाली तू घालतोस ते वेग मोजणारं काळं जॅकेट आमच्या लॅबचं. जानेवारीपर्यंत तुझा सर्वाधिक वेग ताशी बत्तीस किलोमीटर होता. नऊ फेब्रुवारीनंतरच्या सात सामन्यांत तो एकोणतीसच्या वर गेला नाही. डाव्या पायावर तू पूर्ण भार टाकत नव्हतास. ते सात सामने मी फाइलमधून गाळले. खोटा आकडा एकही घातला नाही, असं स्वतःला सांगत राहिले.

तुला विचारलं नाही. तू "आय ॲम गुड" म्हणाला असतास आणि मला तेवढं पुरलं असतं.

इंग्लंडमधल्या दुसऱ्या कॉलेजच्या कोचनी तुला मार्चमध्ये दुबईत अल बर्शाच्या मैदानावर खेळताना पाहिलं. मध्यंतरात त्यांनी मला विचारलं, "याचा कुठला गुडघा दुखतो?" मी म्हटलं, ऊन फार आहे. तरी त्यांनी जागा दिली. निम्मी स्कॉलरशिप, पहिलं वर्ष लागलं तर फक्त फिजिओथेरपी, आणि खेळ कायमचा सुटला तरी डिग्री होईपर्यंत स्कॉलरशिप चालू. बाबा त्याला "हाफवालं कॉलेज" म्हणतात.

मैदान बघ, लीग बघ. पण दोन्ही कोचना एक प्रश्न विचार: मी खेळू शकलो नाही, तर तुमच्याकडे माझी जागा काय? उत्तर लेखी घे.

पूर्ण फाइल सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. गुरुवारी ती मी अमेरिकेला पाठवणार. ऑफर जाऊ शकते. पाय तुझा आहे, म्हणून आधी तुला कळवते. बाबांना मीच सांगेन.

बुधवारी सुट्टी काढून घरी येते. फेब्रुवारीत विचारायचं राहिलं ते तेव्हा विचारेन: गुडघा किती दुखतो?

आकडा नको. नुसतं सांग.

उशिरा विचारणारी तुझी ताई,
अनुपमा