फत्तेच्या तुकड्यातला माझा हिस्सा

मी, श्रीयश गंगाधर वाळुंज, वय वर्षे तेवीस, धंदा गॅरेजात मेकॅनिक, राहणार मौजे साळवंडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाचाही धाक न बाळगता माझ्या पश्चात काय व्हावे ते या कागदावर लिहून ठेवतो. मला कसलाही आजार नाही. जीव देण्याचा विचारही नाही. आईच्या हाती हा कागद पडला तर तिने एवढी ओळ दोनदा वाचावी. प्रेमात आहे, पण वकीलबाईंच्या मते तेवढ्याने मृत्युपत्र रद्द होत नाही.

कलम १. धडधाकट माणसाला मृत्युपत्र लागतेच कशाला, याचा खुलासा आधी करतो. आमची जमीन वडिलोपार्जित आणि एकत्र आहे. वाटणी झालेली नाही, वडील होऊ देणार नाहीत. वडगावच्या वकीलबाईंनी सांगितले की त्यांच्या सहीशिवाय माझा हिस्सा मला असाच कुणाला देऊन टाकता येत नाही, मृत्युपत्राने मात्र ठेवता येतो. मी म्हणालो, "म्हणजे मेल्यावरच मी मालक?" त्या म्हणाल्या, "कायद्यापुरतं तसं समजा."

कलम २. गॅरेजातले माझे सगळे पाने, जॅक आणि हवेचा पंप मित्र गंधार याला मिळावेत. तो चांगला पाना हातोडीसारखा वापरतो, तरी त्यालाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. मोटारसायकल बहीण इंद्रायणी हिला. गाडीचा मागचा ब्रेक लागत नाही; तेवढे काम मी जिवंतपणीच करीन.

कलम ३. कॉलेजची पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. ती तिसऱ्या वर्षाच्या अर्ध्यापर्यंतच वाचलेली आहेत. कारण लिहितो, म्हणजे गावात जे सांगतात त्याला आळा बसेल. मी नापास झालो नव्हतो. इतिहासाच्या तासाला सर म्हणाले, "इंग्रज वाईट असतील, पण घाटात रेल्वे कुणी आणली?" मी ताडकन उठलो. म्हणालो, "दुसऱ्याच्या घरात घुसून खिडकी बसवली म्हणून ते घर घुसणाऱ्याचं होत नाही!" आणि बाकावर हात आपटला. बाक जुना होता, फळी मोडली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांनी माफी मागायला सांगितले. मी सरांची तर नाहीच, बाकाचीही मागितली नाही. कॉलेज सुटले ते असे.

टाळ्या न वाजवणारी एकच मुलगी होती, आमच्याच गावची मानसी ओव्हाळ. बसथांब्यावर ती म्हणाली, "वाक्य झकास होतं. तुमच्या फत्तेच्या तुकड्यालाही लागू आहे का?"

"त्याचा काय संबंध?"

"ती गोष्ट तू लहानपणापासून सांगतोस ना? एकदा आमच्या बांधावर उभा राहून सांगून बघ."

मी त्याच दिवशी तिच्या प्रेमात पडलो. आणि घरी जाऊन गोष्ट मनातल्या मनात तिच्या बांधावरून सांगून बघितली. दोन्हींचा त्रास अजून चालू आहे.

कलम ४. फत्तेचा तुकडा म्हणजे ओढ्याकाठचे अकरा गुंठे. ते आमचे कसे झाले, हे आमच्या घरात अभिमानाने सांगतात. मी तसेच, फक्त अभिमान वगळून लिहितो. सन १९५६चा दसरा. मानसीचे पणजोबा जानू ओव्हाळ आणि त्यांची सगळी वस्ती दीक्षा घ्यायला नागपूरला गेली होती. गावातले पुरुष सीमोल्लंघनाला निघाले. माझे आजोबा विठ्ठल वाळुंज तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ते म्हणाले, सीमा ओलांडायचीच आहे तर नीट ओलांडू. त्यांनी दोन गड्यांना घेऊन हद्दीचा दगड उपटला, ओव्हाळांच्या रानात चाळीस पावले आत नेऊन रोवला, त्याला शेंदूर फासला आणि नारळ फोडला. माणसे आठवड्याने परत आली तोवर दगडाचा म्हसोबा झाला होता. आता त्याला हात लावील त्याच्यावर अख्खे गाव धावून जाणार. पुढे मोजणीवाला आला, त्याने शेंदूर पाहून तिथेच रेघ मारली. ओव्हाळांनी देव सोडले, त्याच दिवशी आम्ही त्यांच्या रानात देव बसवला.

तेव्हापासून दर दसऱ्याला आमचे घर त्या दगडाला शेंदूर लावते, नारळ फोडते आणि "फत्ते!" म्हणत त्याच्या पलीकडे उडी मारते. मी पाचव्या वर्षापासून पहिली उडी मारत आलो. मला फार आवडायचे, हेही लिहून ठेवतो.

मी वडिलांना म्हणालो, जमीन परत करू. ते म्हणाले, "तितं हुतं काय आधी? निस्तं गवत! हीर कुनी पाडली? तांदूळ कुनी पिकवला?" मला वर्गातल्या सरांचाच आवाज ऐकू आला. घरात आपटायला बाक नव्हता. मी ताट आपटले. आईचे ते ताट अजून वाकडे आहे, त्याबद्दल मात्र माफी मागतो.

कलम ५. या मृत्युपत्राचा पहिला मसुदा मी गेल्या महिन्यात केला होता. त्यात लिहिले होते की माझा हिस्सा मी "माझ्या प्रेमाखातर" मानसीला देतो. तो कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो. तिने उभ्या उभ्या वाचला.

"आमचीच जमीन मला भेट देतोस?"

"परत देतोय."

"नाही. मला जिंकायला निघालायस. आजोबा शेंदूर घेऊन आले, तू प्रेम घेऊन आलास. घेतली तर मी तुझी, नाही घेतली तर मी कृतघ्न. माझ्यासाठी जागा ठेवलीयेस का कुठे या कागदात?"

मी रागाने कागद फाडला. मग तुकडे गोळा करून बसलो, कारण खर्डा माझ्याकडे तेवढाच होता. ओट्यावर तिचे आजोबा सखाराम आबा सगळे ऐकत होते. जानू ओव्हाळांचा हा मुलगा; तेराव्या वर्षी बापाबरोबर नागपूरला गेला होता.

"पोरा," ते म्हणाले, "मी ब्याऐंशीचा, तू तेवीसचा. तू मरायची वाट बगत बसू व्हय मी? कागद कर तुला करायचा तर. धोंडा मातर जित्तेपनी उचल."

"आबा, तो देव झालाय."

"शेंदूर तुमचा, तो तुमी न्या. धोंडा आमचा हाय."

कलम ६. यंदाच्या दसऱ्याला काय घडले ते साक्षीदारांच्या समोर घडले आहे. मी आणि गंधार पहार घेऊन गेलो. सखाराम आबा आणि मानसी बांधावर उभे होते. वडील नेहमीप्रमाणे नारळ आणि शेंदराची वाटी घेऊन आले. म्हणाले, "हात लावलास तर घरात पाय ठेवू नगंस." मी पहार घातली. एकोणसत्तर वर्षांच्या शेंदराची खोळ अख्खी सुटून आली. वडिलांनी ती खाली पडू दिली नाही, खांद्यावरच्या टॉवेलात धरली. आत साधा काळा दगड होता, त्यावर तीन रेघा. आबांनी त्यांच्यावरून बोट फिरवले. "बापानं मारल्यात. छिन्नी मी धरलीवती."

दगड घेऊन आम्ही भातातल्या बांधाने निघालो. आबा पुढे, मोजत. चाळीसाव्या पावलाला थांबले. "हितं."

"न्हाई," मागून वडील बोलले. मला वाटले, आता भांडण. पहार माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली. वडील पुढे आले. "आबा, तुमची पावलं आता बारीक पडत्यात. ती चाळीस मोजली माझ्या बापानं, चोविसाव्या वर्सी." आणि खोळ काखेत धरून ते आणखी चालत गेले, सात पावले, आमच्याच बाजूला, उंबराच्या मुळापर्यंत. "हितं. म्हातारा जाताना मला दाखवून गेलता."

दगड तिथे रोवला आहे. उडी कोणी मारली नाही.

परतताना वडील एवढेच म्हणाले, "उभं भात माजं. कापनी झाली की उंबराच्या पल्याड माजा नांगर जानार न्हाई. पन वाटनीच्या कागदाला सही मागू नगंस." त्यांचा शब्द मी मानतो. पण सातबारा शब्द ऐकत नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

कलम ७. सबब, फत्तेच्या तुकड्यात माझा जो काही हिस्सा निघेल तो सखाराम जानू ओव्हाळ यांना, व ते नसतील तर त्यांच्या मुलांना, मिळावा. ही देणगी, दान अथवा उपकार नाही. वडील उद्या स्वतः सही करतील तर हे कलम आनंदाने रद्द समजावे. त्या जमिनीला यापुढे आमच्या घरात कोणी फत्तेचा तुकडा म्हणू नये. ओव्हाळ जे म्हणतील ते तिचे नाव.

कलम ८. मानसी प्रदीप ओव्हाळ हिला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही, आणि तिच्याकडे काहीही मागत नाही. प्रेम आहे तसे आहे. ते मालमत्तेत मोडत नाही.

कलम ९. साक्षीदारांबाबत. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. त्यामुळे पान्यांपायी गंधार बाद झाला. मानसीने कलम ८ नीट वाचले, "नक्की काही नाही ना?" असे विचारले आणि पेन मागितले. दुसरा माणूस मिळेना. तेव्हा वडील, जे मला फक्त सोडायला आलो असे सांगून वडगावपर्यंत आले होते, वकीलबाईंच्या दारातल्या बाकावरून उठले.

"मला काय मिळतंय त्यात?"

"काही नाही."

"मग आन हिकडं."

ठिकाण: वडगाव मावळ
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५

लिहून ठेवणार: श्रीयश गंगाधर वाळुंज (सही)

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळत नाही:
१. मानसी प्रदीप ओव्हाळ (सही)
२. गंगाधर विठ्ठल वाळुंज (सही, सगळे वाचून, कलम ४ दोनदा)