उरलेलं चार्जिंग

३ ऑगस्ट

अहो,

नमस्कार. पाठ कशी आहे? वन्सं सांगत होत्या, की सकाळी पट्टा बांधून गॅलरीपर्यंत चालत जाता. ऐकून बरं वाटलं. जेवण वेळेवर घ्या, आणि बहिणीच्या हातचं मिळतंय म्हणून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू नका. त्या मला सगळं सांगतात. इकडे मी ठीक आहे. मोरीतल्या नळाचा वायसर बदलून घेतला, ठिबकणं थांबलं. मांजरीने पुन्हा जिन्याखाली पिल्लं घातली आहेत.

हिला आज पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं तुम्हाला वाटलं असेल. फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' यांच्या पुढे जात नाही, आणि मी काही सांगायला लागले की पहिल्याच वाक्याला 'नको' म्हणता. पत्राला मध्येच 'नको' म्हणता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

तर, मी एक मशीन घेतलं. गवत कापायचं, बॅटरीवरचं. वायर नाही, पेट्रोल नाही. तुम्ही गेल्यापासून अंगणात गवत घोट्याच्या वर आलं होतं. विळा घेऊन बसले तर गुडघ्यांनी असहकार पुकारला. तुमचं ते पेट्रोलचं धूड तर मला जागचं हलत नाही. म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी सगळ्यात मोठं दाखवलं. मी म्हटलं, मोठं नको, माझ्या हातांना पेलेल असं दाखवा. मग त्याने माळ्यावरून एक खोकं काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "हे स्वस्तातलं आहे वहिनी. लहान अंगणापुरतं. मैदानात न्याल तर रडेल."

मी ते हातात घेऊन उभी राहिले. बराच वेळ तशीच उभी होते. शेवटी तो म्हणाला, "विकत घ्यायचंय, की कडेवर घेऊन झोपवायचंय?" पण मला बघायचं होतं, हात भरून येतात का. नाही आले. भरलेल्या बादलीपेक्षा हलकं आहे. किंमत विचारू नका, तुमच्या धुडाच्या एका दुरुस्तीत बसेल.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. दोरीवरचं प्लास्टिकचं झाकण मी उलटं बसवलं, आणि कापलेलं सगळं गवत माझ्याच अंगावर. शेजारच्या काकू कुंपणाला धरून हसत होत्या. या मशीनला पातं नाही, नायलॉनची दोरी गरगर फिरते. दोरी झिजली की मशीन जमिनीवर हलकेच टेकवायचं, की नवी दोरी आपोआप बाहेर येते. मला काय माहीत! मी दोरी का येत नाही म्हणून त्याला दाणदाण आपटत होते. मग काकूंनीच चष्मा लावून खोक्यावरचं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तुमची जुनी पँट घातली, पायाशी दुमडून, आणि तुमचा गॉगलही. आरशात बघितलं तर माझं मलाच हसू आवरेना.

आपलं अंगण झालं तरी बॅटरीत चार्जिंग उरलं होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून केमिस्टच्या दुकानामागचा तुकडा करून टाकला. परत येऊन बॅटरी लावली, ती पुन्हा भरली, आणि आपल्याकडे तर कापायला काही नव्हतं. म्हणून कुत्रेवाल्या काकांकडे गेले. तिथेही थोडं उरलं. मग पोस्टातल्या बाईंकडे.

आता कपाळाला आठी पडली असेल. पडू दे.

बरं, उगाच आडवळणं घेत नाही. मशीन आपल्या अंगणासाठी घेतलंच नव्हतं. आपलं अंगण ते केवढं, दोन सतरंज्या अंथरल्या की संपलं. तुम्ही जाताना मला सांगितलं होतं, की सगळ्या घरी जाऊन सांग, आता मी येणार नाही, दुसरा माळी बघा. मी निघाले होते हो सांगायला. पहिल्यांदा शाळेमागच्या निवृत्त बाईंकडे गेले. त्यांच्या फाटकाशी गवत गुडघ्याला लागत होतं. त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, "त्यांना सावकाश बरं होऊ दे. गवत काय, कुठे पळून जातंय?" मी तोंड उघडलं 'ते आता येणार नाहीत' म्हणायला, आणि तोंडातून निघालं, "उद्या येते कापायला." कुठून बोलले कोण जाणे. तिथून निघाले ती तडक हार्डवेअरच्या दुकानात.

त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही. मोठी आवारं सोडून दिली, ती या मशीनला झेपणार नाहीत. लहान अंगणं सगळी धरून ठेवली आहेत. दवाखान्यात तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, 'मी आता कुणाच्या कामाचा राहिलो नाही.' डॉक्टरांनी मणक्याचं काय काय सांगितलं त्याने मी घाबरले नव्हते, तुमच्या त्या वाक्याने घाबरले. घरोघर जाऊन मी तेच वाक्य लोकांना सांगायचं? माझ्याने नाही झालं.

आणि आता पत्र लिहायचं खरं कारण. शाळेमागच्या बाईंच्या अंगणातलं लिंबाचं झाड, तुम्ही लावलेलं, यंदा पहिल्यांदा फुलावर आलं आहे. त्याच्या बुंध्याला चिकटून गवत होतं. ते काढायला मी मशीन अगदी जवळ नेलं, आणि दोरीने साल सोलून काढली. एका बाजूची. आतलं पांढरं दिसतंय. मला इतकं भ्यायला झालं, की वर ओला चिखल थापला आणि चिंधी बांधली. बाईंना अजून माहीत नाही. त्या रोज फुलं बघायला झाडापाशी जातात, आणि मी तिथून जाताना खाली मान घालते.

झाड वाचेल का? काय करू? मला रागवा, पण लवकर कळवा.

तुमची,
चिखलाने हात भरलेली
मी

•

९ ऑगस्ट

अगं,

तुझं पत्र मिळालं. तुला हे नसते उद्योग करायला कुणी सांगितले होते? मी फोन उचलला होता, मग ठेवला. फोनवर मी ओरडलो असतो आणि लिंबाचं राहून गेलं असतं.

आधी तो चिखल काढ. चिंधी सोड. चिखलाने आत ओल राहते आणि कुजतं. पाण्याने धुऊन घे. मग माझ्या पेटीतली वाकडी सुरी घे, दुसरी नको. धार लाव, उकळत्या पाण्यातून काढ. सुटलेली साल कडेकडेने कापून टाक, जिथे घट्ट चिकटली आहे तिथपर्यंतच. चांगल्या सालीला हात लावू नकोस. वरून रंग, शेण, हळद काही लावू नकोस. उघडं ठेव, वारा लागू दे. एकाच बाजूची साल गेली म्हणतेस, दुसरी बाजू खरंच शाबूत असेल तर झाड वाचेल. सगळीकडून गोल साल गेली असती तर काही उपाय नव्हता.

बुंध्याभोवतीचं गवत हाताने उपट. वीतभर जागा मोकळी ठेव आणि तिथे सुकी पानं पसर, पण पानं बुंध्याला टेकू देऊ नकोस. म्हणजे तिथे मशीन न्यायची वेळच येणार नाही. दोरी कुठल्याही झाडाजवळ नेऊ नकोस, लहान झाडाजवळ तर मुळीच नाही. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, पण तू विचारलंस कधी?

आणखी. भिंतीच्या कडेला डावीकडून उजवीकडे जातेस की उलट? दोरी कुठल्या बाजूला फिरते ते बघ, आणि कापलेलं गवत झालेल्या भागात पडेल अशी चाल. खडीजवळ थांब, खडा उडून काच फुटते. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नकोस. पँट घातलीस ते बरं केलंस. पायात चप्पल होती का? बूट घाल.

बाईंना स्वतः जाऊन सांग. माझ्याकडून कळायला नको.

राग आला, खरंच आला. मी इथे गादीवर लोळतो आणि तू उन्हात लोकांची अंगणं कापतेस, हे मला सहन होत नाही. पण पत्र पुन्हा वाचलं. ताई समोर बसली होती. म्हणाली, "दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा तुझं तोंड चिडलेलं बघतेय, चहा टाकू का?" मी हो म्हटलं.

बादलीपेक्षा हलकं म्हणतेस. भरलेल्या की अर्ध्या?

कुणाकुणाला धरून ठेवलं आहेस ते कळव. कुत्रेवाल्याच्या मागच्या कोपऱ्यात जपून, तिथे नळाची तोटी गवतात लपलेली आहे.

मी

•

१७ ऑगस्ट

अहो,

नमस्कार. तुमचं पत्र मी फाटकातच उभी राहून वाचलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं लांब पत्र मला तुम्ही कधी लिहिलं होतं? तेही लिंबाच्या झाडासाठी! असो, मी ते माझ्या नावावर जमा करून घेतलं आहे.

चिखल काढला. सुरीला धार लावली, उकळत्या पाण्यातून काढली, मग सावकाश केलं. तुम्ही सांगितलंत तसंच, कडेकडेने. दुसरी बाजू शाबूत आहे, काकूंनाही दाखवून खात्री करून घेतली. पानं गळलेली नाहीत, फुलंही टिकून आहेत. बाईंना सांगितलं. त्या वाकल्या, नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं शाळेत काढली, पण काच मी फोडली असं आपणहून सांगायला कुणी आलं नाही. तू पहिली." मग मला पाणी दिलं आणि सुकी पानं पसरायला स्वतः मदतीला आल्या. माझा जीव भांड्यात पडला.

बादली भरलेली म्हटलं होतं मी. पण माझ्या शब्दावर जाऊ नका आणि हौसेने उचलायलाही जाऊ नका. वन्संकडून मशीनचं वजन डॉक्टरांना कळवलं होतं. ते म्हणाले, इतक्यात नाही, उभं राहणं आणि चालणं पुरे, बाकी पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे बघू, असं म्हणाले. नाही, असं म्हणाले नाहीत. मी वन्संना दोनदा विचारून घेतलं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. केमिस्ट, कुत्रेवाले काका, पोस्टातल्या बाई, शाळेमागच्या बाई, आणि दोन नवी घरं. नव्या घरांनी आपणहून हाक मारली. नळाची तोटी सापडली, तुमच्यामुळे वाचली.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रात गाळली होती. तेव्हा धीर झाला नाही. मला हे काम आवडायला लागलंय. नुसती निभावून नेते असं नाही. सकाळी पँट चढवून मशीन खांद्याला लावून निघाले, की रस्त्यातले लोक ओळखीचं हसतात. कापून झाल्यावर मागे वळून बघितलं, की ऊर भरून येतो. तेव्हा तुम्ही बरे होऊन आलात की मी मशीन तुमच्या हातात देऊन पोळपाटाशी बसेन, असं धरून चालू नका. भांडायचं असेल तर आल्यावर भांडू, पण मी सोडणार नाही.

आणि मला एकटीला ते जमणारही नाही, हेही तितकंच खरं. गवत कापणं म्हणजे बागकाम नव्हे, हे लिंबाने मला शिकवलं. पोस्टातल्या बाई गुलाबाची छाटणी विचारतात, मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेते. एका नव्या घरात तीन रोपं आणून ठेवली आहेत, कुठली कुठे लावायची ते मला कळत नाही. चुकून एकमेकांच्या सावलीत लावीन. त्यांना सांगितलंय, की आमच्या घरातले येऊन ठरवतील. तुम्ही उभं राहून बोट दाखवा, मी खड्डा खणते. तुम्ही छाटा, फांद्या मी उचलते. दमलात की बसा, बसायला स्टूल मी नेते. कुणाच्या कामाचा राहिलो नाही म्हणालात ना? माझ्या कामाचे आहात. मला तुमची गरज आहे, आणि हे मी दया म्हणून लिहीत नाही. अडलंय माझं.

वन्सं म्हणाल्या, डॉक्टरांनी घरी जायला हरकत नाही म्हटलंय, आणि शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने भाचा तुम्हाला आणून सोडणार आहे. मला तुम्ही हे फोनवर सांगितलं नाहीत. 'बरं' म्हणून ठेवलात. यायला कचरताय, ते कळतंय मला. तुम्ही इतकी वर्षं कामावरून यायचात आणि मी दार उघडायचे, आता दारात काय तोंड घेऊन उभं राहायचं, असंच ना?

मग दारात उभे राहूच नका. शुक्रवारी सकाळी त्या रोपांवाल्या नव्या घराची पाळी आहे, ती मी मोडणार नाही. घराला कुलूप असेल. केमिस्टच्या पुढच्या गल्लीत हिरवं फाटक आहे, आतून मशीनचा आवाज येईल. पिशवी भाच्याबरोबर काकूंकडे पाठवून द्या, आणि तुम्ही सरळ कामावर या.

रोपांना पाणी घालून ठेवते. तुम्ही येईपर्यंत एकाही रोपाला हात लावत नाही.

तुमची,
मी