बॅगेतले देव

अराद, बहरीन

ती. आईंना नमस्कार,

तुम्ही आणि तुमचे चिरंजीव, दोघांनी मिळून मला वैताग आणलाय. हे पाठवायचं धाडस होणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

इथे आखातात युद्ध पेटलं तेव्हा घाईने निघावं लागलं तर, म्हणून मी देव्हाऱ्यातले देव मऊ फडक्यात गुंडाळून पासपोर्टच्या बॅगेत ठेवले. मग शस्त्रसंधी झाली. टीव्हीवर तहाची बोलणी दिसली की लगेच तुमचा फोन, "विशाखा, देव असे कोंडू नकोस, जागेवर बसव." मी बसवते. तेवढ्यात इथे डोक्यावरून लढाऊ विमानं जातात आणि हे ओरडतात, "बॅग भर!" मी भरते. बोलणी करणारे साहेब एकदा हात मिळवतात, एकदा उठून जातात, आणि माझी माहेरची अन्नपूर्णा मात्र देव्हारा ते बॅग हेलपाटे घालते.

खलास, आई. आता मी देव बाहेर काढतच नाही. सकाळी दाराजवळ ठेवलेल्या बॅगेची चेन उघडते, हळदकुंकू वाहते, निरांजन ओवाळते, चेन लावते. कधी देवाला हात न जोडणारे हे, हल्ली बॅगेजवळ आले की पायातल्या सपाता काढतात.

काल तुम्ही विचारलंत, "देव जागेवर आहेत ना?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. दाराजवळचा कोपरा हीच आता त्यांची जागा. आम्हीही तिथेच अंथरूण घालतो.

तुमची सून,
विशाखा