प्रणूची दहा चित्रं

११ जून
झोपले नाही. डोळे मिटले की ते मशीन फिरताना दिसतं. प्रणूची दहाही चित्रं मी लॅमिनेशन करून आणली. तिला न विचारता. भोईवाडा कोर्टासमोरचा झेरॉक्सवाला म्हणाला, ताई, आता पाण्यात टाका, काय होणार नाय. रेशनकार्ड, हिचा जन्मदाखला, सगळं तिथंच करते मी. मागच्या महिन्यात ह्यांनी दोन चित्रं फाडली होती. वाटलं, प्लास्टिक फाटत नाही.
प्रणू बघून खालीच बसली. "आई, कोळशाची आहेत गं ती."
चित्रांच्या कॉलेजात फॉर्मबरोबर दहा चित्रं द्यायची. हातची, साधी. लॅमिनेशन चालत नाही, फॉर्मवर लिहिलंय. मी वाचलंच नाही.

१२ जून
ब्लेडने एक सोडवून बघितलं. माझं. दिवाळीत ह्यांनी मारलं, डोळा सुजलेला, तेव्हाचं. सगळा डोळा प्लास्टिकला चिकटून आला. कागदावर पांढरं भोक.
म्हटलं, बरं झालं, हे नकोच देऊ.
"हेच सगळ्यात चांगलं होतं," म्हणाली.
मुदत १८ तारीख, पाच वाजेपर्यंत. परत दहा काढायची.

१४ जून
हे ड्यूटीवर गेले की ती बसते. यायच्या आधी मी लादी पुसते, तिची बोटं घासते. पाच झाली. आमचा जिना. कोर्टाबाहेरची म्हातारी. बांगडे साफ करताना माझे हात.
मी तिच्याएवढी होते तेव्हा ही पोटात होती. ते आठवलं की…

१५ जून
उशीला कोळशाचं बोट लागलेलं. तेवढ्यावरून हे भडकले.
"चित्रां काढून कोणाचा पॉट भरला हा गो?" तिला आत्याच्या ओळखीने दुकानात लावायचंय. लॅमिनेशनवाली सापडली. हे फाडायला गेले. फाटेनात. मग माझ्यावर.
नवीन गादीखाली होती, वाचली.
दादाला फोन लावला. उचलला त्याने. काय बोलू? कट केला.

१६ जून
उजवा डोळा उघडत नाही. प्रणू रडत होती. म्हटलं, रडू नको, काढ. आता आठवायला नको.
तिने कागद घेतला. मी हलले नाही.

१७ जून
दहा झाली. फॉर्म भरून फाइल देव्हाऱ्यामागे ठेवली. कॉलेजात फोन करून विचारलं, कुणीही आणून दिली तरी चालते.

१८ जून
सकाळीच हे प्रणूला ओढत ठाण्याला घेऊन गेले, आत्याकडे. माझा फोन घेतला. बाहेरून कुलूप. "संध्याकाळी येतंय, मग बघतंय तुझा तो फॉर्म."
हाका मारल्या. दोन्हीकडच्या खोल्या ह्यांच्या चुलतभावांच्या. टीव्हीचा आवाज वाढला.
साडेबारा झाले. फाइल खिडकीच्या गजातून जात नाही. वही जाते. खाली चौकात टाकते.
ज्याला मिळेल त्याने माझ्या भावाला फोन करा. माझगावला गोदीत असतो. नंबर मागच्या पानावर. सांगा, कुलूप तोड, देव्हाऱ्यामागची फाइल घे आणि आधी कॉलेजात जा. पाचच्या आत. माझं नंतर बघ. पण फोन करा हो.